दहाची कूस

चर्चच्या डोंगरावरल्या शिबिरातल्या शेवटच्या प्रार्थनेत तिच्या अंगावर असा काटा उभा राहिला होता, की घरी परतली तरी तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिथंच घात झाला. शनिवारी दुपारी सासूबाईंच्या उशाशी डोळे मिटून बसली ती बसलीच. लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलायची. त्या दिवशी चार तास उलटले. उजव्या खुब्यावर लाल चट्टा उठला. तिथली कातडी फाटली असती, तर जखम महिनोन्‌महिने भरली नसती.

"मला हाक मारायची की हो, आई!"

"तू देवाशी बोलत होतीस. मध्ये तोंड कसं घालू?" सासूबाई म्हणाल्या. "तोही काही बोलला नाही, बघ."

रविवारी पावणेदहाला चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, स्वतः गाडी घेऊन दारात हजर. उपासनेत दहाला तिची साक्ष होती; शिबिरातला अनुभव सगळ्यांसमोर सांगायचा होता.

"मी येत नाही," ती म्हणाली. "दहाला आईंची कूस बदलायचीय."

"अहो, अर्ध्या तासाचा तर प्रश्न! देवाचा असा स्पर्श रोज होत नाही, ताई. तो घरात कोंडून ठेवणार?"

"कोंडतेय कुठं? कामाला लावतेय. तुम्ही मला डोंगरावर नेलंत, उपकार झाले. पण प्रभूनंसुद्धा डोंगरावर बिऱ्हाड थाटलं नाही, साहेब. खाली उतरला, तर एक आजारी पोर वाट बघत होतं."

"आता तुम्ही मला प्रवचन देणार?"

"कुणीतरी द्यायलाच हवं होतं," खाटेवरून आवाज आला.

चट्ट्यामुळे आता ओढून चालणार नव्हतं. चादरीसकट उचलायला दोन माणसं हवीत. नवरा कामावर. एरवी मदतीला येणारी शेजारीण हिचीच साक्ष ऐकायला पहिल्या रांगेत जागा धरून बसलेली.

"कोट काढा," ती म्हणाली.

"मी?"

"इथं चौथं कुणी दिसतंय का?"

पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कोट खुर्चीवर टाकला. चादरीची टोकं मात्र त्यांनी चिमटीत धरली.

"मूठभर धरा हो," सासूबाई खेकसल्या. "मी काही चिमटीनं वाटायची प्रभुभोजनाची भाकर नाही!"

"तीन म्हटलं की उचला."

उचललं. इतक्यात पाळकसाहेबांच्या खिशात फोन खणाणला. त्यांचा एक हात सैल झाला.

"खबरदार!" ती म्हणाली. "मंडळी थांबतील. आधी पाठीला उशी."