दाराचा पडदा, भोकासकट

मी पडदा बोलतोय. सिनेमाचा नव्हे, नाटकाचाही नव्हे. कांदिवलीच्या एका बैठ्या चाळीतल्या खोलीच्या दाराचा. अंगावर हिरवे पोपट, खाली पिवळी झालर, वरच्या शिवणीत ओवलेली सुतळी. दारात लोंबकळणाऱ्याला घरातलंही ऐकू येतं आणि बाहेरचंही, आणि दोन्हीकडचे लोक त्याला बहिरा समजतात. त्यामुळे माझ्या कानावर आलं नाही असं त्या चाळीत फार थोडं असेल.

मला पडदा केलं रत्नप्रभानं. ती अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत रेडिओ जोडायच्या कारखान्यात कामाला होती. पहिल्या पगारातून तिनं माझं कापड आणलं आणि शेजारच्या मशीनवर एका रविवारी मला शिवून काढलं. मी दाराला लागलो त्याच दिवशी घरातल्या तिघांनी मला हात पुसले. टॉवेल खुंटीवर होता, पण खुंटी तीन पावलं लांब होती. तेव्हापासून माणसाच्या आळसाबद्दल मला काही सांगायला येऊ नका.

रत्नाचे वडील सीताराम गिरणीत होते. संपात गिरणी बंद पडली आणि ते दारातल्या खुर्चीवर येऊन बसले, ते बसलेच. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे, आणि वाचताना विडी. एके दुपारी वाचता वाचता त्यांना डुलकी लागली आणि विडी मला टेकली. काठापासून वीतभर आत, एका पोपटाच्या गळ्याशी, वाटाण्याएवढं भोक पडलं. रत्नाची आई द्रौपदी अशी काही ओरडली की विडीची बातमी मागच्या चाळीपर्यंत गेली. रत्ना म्हणाली, राहू दे गं, वारा येईल. रफू करायचं राहून गेलं, आणि राहून गेलं ते किती बरं झालं हे पुढे कळेलच.

चौऱ्याऐंशी साली रत्नाला मुलुंडचं स्थळ आलं. मुलगा चंद्रप्रकाश, औषधांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. मुलगा चांगला होता, म्हणजे निदान गप्प होता. त्याच्या घरातलं सगळं बोलणं त्याचे मामा कुंडलिक यांच्याकडे होतं. साखरपुड्याला मामांनी हातात पेढा धरून जाहीर केलं की आमच्या घरातल्या सुना नोकरी करत नाहीत, लग्नाआधी राजीनामा देऊन टाका. सीताराम माझ्याकडे बघत बसले. चंद्रप्रकाश खाली मान घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता.

त्या संध्याकाळी रत्नानं माझ्यात तोंड खुपसलं आणि रडली. नाकही पुसलं, पण तेवढं मी माफ केलं. तिला हे काम आवडायचं. आपण जोडलेला रेडिओ पहिल्यांदा बोलतो तेव्हा अंगावर काटा येतो, असं ती आईला सांगायची. ती आईला म्हणाली, मामांचं मला कळलं, पण नवऱ्याचं काय म्हणणं आहे ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय. आई म्हणाली, लग्न झाल्यावर विचार. रत्ना म्हणाली, झाल्यावर विचारून काय करू? खरं होतं तिचं. मला फार वाईट वाटलं, पण पडद्याला कोण विचारतो?

मग तयारी सुरू झाली. घरचं लग्न म्हणजे चाळीतल्या प्रत्येक खोलीवर दरोडा. एका खोलीत नारळ, दुसरीत भाड्यानं आणलेली पातेली, तिसरीत मुलुंडकर. अंगणात मांडव पडला. हळदीच्या दिवशी चाळीतल्या झाडून साऱ्या बायका नवरीला हळद लावून आल्या आणि उरलेली मला लावून गेल्या. माझे दोन पोपट कायमचे पिवळे झाले. एवढ्या गर्दीत रत्नाला चंद्रप्रकाशशी एक शब्द बोलायला मिळाला नाही. दोघांच्या मध्ये कायम एक मावशी असायची.

लग्नाच्या दिवशी नवरा-नवरी पाटांवर उभे राहिले. भटजींनी घड्याळ बघितलं आणि अंतरपाट मागितला. नवरा-नवरीच्या मध्ये धरायचं ते वस्त्र.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. द्रौपदी म्हणाली, "आमच्यात तो न्हवऱ्याकडच्यांनी हाडूक व्हयो."

मामा म्हणाले, "आमच्यात मुलीकडचे आणतात. आजवर असंच चालत आलंय."

दोन्ही घरं कोकणातली, मध्ये जेमतेम दोन तालुके, पण अंतरपाट कुणी आणायचा यावर आजवर कुणाला बोलावंसं वाटलं नव्हतं. मानपान, आहेर, पंगतीत कोण कुठे बसणार, सगळं ठरलं होतं. भटजींकडे स्वतःचा एक होता, पण तो त्यांचा पुतण्या बोरिवलीच्या लग्नाला घेऊन गेला होता. मुहूर्ताला चार मिनिटं उरली होती. बेडशीट काढायला जावं तर त्यावर पाहुण्यांची तीन पोरं झोपलेली.

तेव्हा द्रौपदी तरातरा दाराकडे आली आणि तिनं मला सुतळीसकट ओढून काढलं. भटजींनी माझ्याकडे बघितलं, हळद बघितली, पोपट बघितले, आणि डोळे मिटून एका पोपटाच्या पोटावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आयुष्यभर हात पुसून घेतलेला मी एका मिनिटात पवित्र झालो. माझं एक टोक भटजींच्या हातात, दुसरं कुंडलिकमामांच्या. आणि मला आडवा धरल्यावर विडीचं भोक आलं ते बरोबर नवरा-नवरीच्या तोंडासमोर.

मामांना मंगलाष्टकं म्हणायची भारी हौस. त्यांनी स्वतः एक रचून आणलं होतं, वहीची तीन पानं भरून. त्यात दोन्हीकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांची नावं होती, गेलेल्यांचीसुद्धा. त्यांनी एका हातात कागद धरला, माईकजवळ तोंड नेलं आणि सूर लावला. कर्ण्यातून तो सूर असा निघाला की मांडवातला एकही माणूस शेजारच्याचं ऐकू शकत नव्हता.

रत्नानं पुढे झुकून भोकाला तोंड लावलं. "अहो, ऐकताय ना?"

पलीकडे मुंडावळ्या हलल्या. मग भोकात एक डोळा आला, तो गेला आणि कान आला. "ऐकतोय. बोल."

"मला नोकरी सोडायची नाही. तुमचं काय म्हणणं आहे ते आत्ता सांगा. नाही म्हणालात तर हा हार माझ्याच हातात राहील."

माझे धागे ताणले गेले. मामा तेव्हा मुलुंडच्या काकांच्या नावावर होते. नवऱ्याच्या मागे त्याची करवली उभी होती, मामांची सोळा वर्षांची मुलगी जानकी. तिच्या हातातला करा डुचमळला. चंद्रप्रकाशनं मान वळवून मामांकडे बघितलं. मुहूर्त उलटून गेला, भटजी मामांना खुणा करत होते, पण मामांचे आजोबा-पणजोबा संपेनात. मी मनातल्या मनात म्हटलं, म्हणा मामा, अजून म्हणा.

शेवटी भोकातून आवाज आला. "सोडू नको. मी चारला घरी येतो. भात लावता येतो मला. आमटीचं तू बघ."

"मामांना कोण सांगणार?"

"मी."

मामांनी शेवटचं सावधान लांबवलं, ताशे वाजले, मला बाजूला ओढलं आणि रत्नानं त्याच्या गळ्यात हार घातला. मांडवात सगळे म्हणाले, नवरी किती हसतेय बघा, जरा लाज म्हणून नाही.

जेवणाच्या पंगतीत मामांनी पुन्हा सीतारामांना राजीनाम्याची आठवण केली. चंद्रप्रकाशनं हातातला जिलेबीचा तुकडा खाली ठेवला.

"मामा, ती नोकरी करणार. आमचं बोलणं झालंय."

"कधी झालं?"

"तुम्ही मंगलाष्टक म्हणत होता तेव्हा."

मामांनी खुर्चीवर घडी करून ठेवलेल्या माझ्याकडे बघितलं. भोक दिसलं असावं. त्यांनी मठ्ठाही घेतला नाही. सीतारामांनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच दुसऱ्यांदा जिलेबी मागून घेतली.

जाताना नवऱ्याची आई सुंदराबाई म्हणाली, अंतरपाट शुभ असतो, तो आमच्या घरी यायला हवा. द्रौपदीनं उघड्या दाराकडे बघितलं, एकदा मला हातात धरून डोळे पुसले आणि रत्नाच्या ट्रंकेत ठेवलं.

आता एकोणनव्वद साल आहे. मी मुलुंडला स्वयंपाकघराच्या दाराला असतो. रत्ना सकाळी आठला कामावर जाते. चंद्रप्रकाश चारला येतो, भात लावतो आणि मला हात पुसतो. पवित्रपणा पाच वर्षं टिकत नाही. सुंदराबाई एकदा सुईदोरा घेऊन भोक बुजवायला आल्या होत्या. रत्नानं त्यांच्या हातातून सुई काढून घेतली, म्हणाली, तेवढं राहू दे हो आई.

गेल्या रविवारी कुंडलिकमामा आले. चहा झाला, उकाडा झाला, गुडघे झाले, तरी उठेनात. मग सांगितलं की जानकीचं लग्न ठरलंय. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे, आणि मुलाकडचे म्हणतात नोकरी सोड. मामांना काही बोलता येत नाही, कारण आता ते मुलीचे बाप आहेत.

"रत्ना, तो पडदा आहे काय गं अजून?"

"आहे की."

"भोक बुजवलंस?"

"नाही."

"मग तसाच दे."

रत्नानं मला धुतलं, इस्त्री केली. हळद काही निघाली नाही. आता मी पिशवीत आहे, उद्या निघेन. तुमच्याही घरात एखादा जुना पडदा असेल. त्याला फाडून पोछा करा, माझं काही म्हणणं नाही, पण त्याला भोक असेल तर आधी बघा ते कुणाच्या उपयोगाचं आहे. माझी काळजी करू नका. मामा जाताना सांगून गेलेत की या वेळचं मंगलाष्टक त्यांनी पाच पानांचं लिहिलंय.