चप्पल कोणत्या खोलीची?

आमच्या रक्षाच्या बाबाची डावी चप्पल चालता चालता पायातून गळून पडे आन् त्यायले पत्ताच नसे. कंबर तर महिनाभरापासून धरलीच होती. माणूस पुन्हा वावरात चालन का नाई, एवढंच मले पाह्यजे होतं.

नाचणगावाहून एसटीनं मोठ्या दवाखान्यात नेलं. दारातच बोर्ड: 'मणक्यासाठी सर्व तज्ज्ञ एका छताखाली.' छत एकच होतं, हाव! आमच्या गोठ्याचंही एकच हाय, पण बैल तरी एकीकडं तोंड करून उभे राह्यतात.

हाडाचा डॉक्टर म्हणे, पट्टा बांधा. व्यायामवाली म्हणे, पट्टा काढा, वाका. नसांचा डॉक्टर म्हणे, खबरदार वाकले तर! चपलीचं मी तिघायलेही सांगतलं. हाडवाला म्हणे, ते नसांचं. नसवाला म्हणे, आधी हाडवाल्याची चिठ्ठी आणा. व्यायामवाली म्हणे, मोठ्या डॉक्टरांना सांगा. आन् चपला तर दरेक दाराबाहेर काढा लागे. मंग पाहणार कोण, शिपाई?

तीन हप्त्यानं पुन्हा गेलो, तवा त्यायचं पाऊल वरच होईना. चौकशी केली तं तिघं एका खोलीत चहा पिऊन राह्यले म्हणे. माझं डोस्कं सणकलं. शिपाई "बाई, चपला बाहेर" म्हणतच राह्यला, मी रक्षाच्या बाबाची डावी चप्पल उचलली, आत गेली आन् टेबलावर आपटली.

"सांगा, हे कोणत्या खोलीची?"

व्यायामवाली प्रेरणा मॅडम पयले उठली. "बाबा, चपला घालूनच आत या."

सात पावलं चालले नसन, तं चप्पल पडली. तिघायनं एकाच टायमाले पाह्यली. मंग काय धावपळ बापा! एकमेकायले इचारून राह्यले, माना हालवून राह्यले. त्याच दिवशी मशिनीत घालून फोटो काढला, दुसऱ्या दिवशी सकाळी आपरेशन.

कंबरेचं दुखणं गेलं. पाऊल मात्र उचललं नाई.

चौथ्या दिवशी तिघं संगच खाटेपाशी आले. हाडाचा डॉक्टर म्हणे, "मावशी, तीन आठवडे आधी आणायला हवं होतं."

मी पिशवीतून तीन कागद काढून त्याच्या हातात देल्ले. तीन खोल्यायचे तीन, तारीख एकच, तीन हप्त्याआधीची. चप्पल कोणत्याच कागदावर नोहती.

"आणलं होतं," मी म्हणलं. "तुमी तिघं तवा एकमेकायले भेटले नोहते."