दोन बोटं जास्त

“मिसेस, या खालची खोली कुणाची?”

पोटमाळ्याच्या चौकोनी झडपेतून डेक्लनचं डोकं खाली आलं. कपाळावर दिवा, मास्क हनुवटीवर ओढलेला. रस्त्यावर लॉरीतलं यंत्र तयार होतं आणि हाताएवढा जाड पाइप जिना चढून झडपेखाली येऊन पडला होता.

“कुठली?” पद्मजाने विचारलं.

“पुढची. बॉक्स रूम.”

“माझ्या वडिलांची.” मग ती म्हणाली, “आता रिकामी आहे.”

“आणि शेजारची?”

“मुलीची.”

“मग गंमतच आहे. छोट्या खोलीवर काहीच नाही, नुसता प्लास्टरबोर्ड. आणि मुलीच्या खोलीवर काचलोकरीचा दुप्पट थर. सप्टेंबरात मी मोजायला आलो तेव्हा सगळीकडे सारखं होतं, माझ्याकडे लिहिलेलं आहे. मध्ये कुणी हलवलं का?”

“नाही. कोण हलवणार?” ती म्हणाली, आणि तिचा हात शिडीवरच राहिला.

आयर्लंडमधल्या डून लेरीच्या चढावरचं हे घर पन्नास वर्षांचं होतं. भिंती जाड, खिडक्या नव्या, पण छपराखाली काचलोकरीचा जेमतेम चार इंचांचा थर, तोही दबून गेलेला. समुद्रावरून वारा सुटला की वरच्या खोल्यांची ऊब अशी निघून जायची की जणू कुणी झाकणच काढलंय. सानिका नऊ वर्षांची. ती कानटोपी घालून झोपायची आणि सकाळी म्हणायची, “मम्मी, आय कॅन सी माय ब्रेथ.”

नवऱ्याचं, अभिजितचं, म्हणणं होतं की छपराखाली नवा थर भरायचं काम ऑक्टोबरातच उरकावं. डेक्लनने तारीखही दिली होती.

“नाना येतायत नोव्हेंबरात,” तो चेरीवूडच्या ऑफिसला निघता निघता म्हणाला होता. “त्यांच्या आधी करून टाकू ना यार.”

“एक हिवाळा मोजू दे मला. आधीचं तापमान नसेल तर नंतर किती फरक पडला, हे कळणार कसं?”

“ऊब आली की कळेल! त्याला काय मोजायचं?”

“तुला कळेल. मला आकडा लागतो.”

पद्मजा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. नमुना घ्यायचा, उपकरण तपासायचं, मग आकड्यावर विश्वास ठेवायचा, हा तिचा सतरा वर्षांचा शिरस्ता. तिने प्रत्येक खोलीत काडेपेटीएवढं तापमान नोंदणारं यंत्र ठेवलं. दर दहा मिनिटांनी एक नोंद. डेक्लनकडून तिने मार्चची तारीख मागून घेतली.

नाना, तिचे वडील, नोव्हेंबरच्या तीन तारखेला आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. परतीचं तिकीट एकोणतीस जानेवारीचं. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच घराबाहेर पडत होते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात एका बर्फाच्या कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं काढली होती. साळवी मिस्त्री म्हणून बंदरावर सगळे त्यांना ओळखत. मासेमारीच्या होड्या निघायच्या आधी लाद्या तयार पाहिजेत, एवढं एकच वेळापत्रक त्यांनी जन्मभर पाळलं.

पहिल्याच रविवारी ते शिडी लावून माळ्यावर गेले. खाली आले तेव्हा भुवया धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या.

“पमे, काय गो हे? तुझ्या छपरात चार बोटं पण माल नाय. एवढ्यात आमची लादी दुपारपर्यंत टिकली नसती.”

“नाना! तुम्ही वर कशाला गेलात? वाशावरून पाय सरकला तर सरळ खाली याल, सीलिंग फोडून. परत चढायचं नाही. सांगून ठेवते.”

“नाय चढत.”

मग तिने त्यांच्यासमोर नमुन्याच्या तीन पिशव्या ठेवल्या. गुंडाळीची काचलोकर, पाइपातून फुंकून भरायची पांढरी लोकर आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याचा करडा भुसा, तोही फुंकूनच भरायचा. शेजारी तिचा तक्ता. नानांनी तक्त्याकडे पाहिलंही नाही. करडा भुसा चिमटीत घेतला, चोळला, वास घेतला.

“हा घे. आमच्या टाकीच्या भिंतीत भाताचं तूस भरायचे. हा त्याचाच भाऊ. गुंडाळीची काय ती चादर, ती वायरीच्या खाली शिरते होय? तूस शिरतं. फट म्हणून सोडत नाय.”

“पण हा नंतर दबतो, नाना. हे बघा, टक्केवारी दिलीय.”

“बसतोच. तूस पण बसायचं. वर मोकळी जागा राहिली की तिथून घाम सुटायचा भिंतीला. म्हणून मी सांगतो तसं कर. माणूस म्हणेल झालं, तेव्हा म्हणायचं, अजून दोन बोटं. दोन बोटं जास्तच भरून घ्यायचं. आणि कडेला वाऱ्याला वाट ठेव, नायतर लाकूड कुजेल.”

तक्त्याचं उत्तरही तेच आलं होतं. पद्मजाला हसू आलं. अभिजित म्हणाला, “बघ, दोन महिने एक्सेल करत बसलीस. नानांनी दोन मिनिटांत संपवलं.”

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिला आकड्यांत काहीतरी खटकलं. सानिकाची खोली पहाटे दीड अंशाने उबदार झाली होती आणि नानांची तेवढीच, किंबहुना जास्तच, गार. बाहेरचं हवामान तेच. हीटर त्याच वेळेला चालू, त्याच वेळेला बंद. हा फरक अठरा तारखेच्या रात्री सुरू झाला आणि तसाच राहिला. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं: “यंत्र क्र. २ संशयास्पद. तपासणे.”

त्या शनिवारी तिने थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेतलं, दोन्ही यंत्रं पिशवीत बांधून आत सोडली. नाना मदतीला बसले. बर्फ त्यांनीच फोडला, लाटण्याने, एकसारखा.

“कशाला गो हे?”

“बर्फ आणि पाणी एकत्र असलं की तापमान शून्यच असतं ना? यंत्र शून्य दाखवत नसेल तर यंत्रात चूक.”

“दाखवेल,” नाना म्हणाले. “यंत्रात खोट नाय.”

वीस मिनिटांनी दोन्ही यंत्रांनी शून्य दाखवलं. पद्मजा कपाळाला आठ्या घालून बघत राहिली. मग तिने यंत्रांची अदलाबदल केली. गारवा नानांच्याच खोलीत राहिला.

“मग वारा असणार,” ती शेवटी म्हणाली. “तुमची भिंत उत्तरेची. दिशा बदलली असेल वाऱ्याची.”

“असेल वारा,” नाना म्हणाले, आणि थर्मासमधलं पाणी कुंडीत ओतायला उठले.

“तुम्हाला थंडी वाजते का पण रात्री? खरं सांगा.”

“मला? अडतीस वर्षं बर्फात काढलेला माणूस मी.”

तिने त्यांना दुसरी रजई आणून दिली, गरम पाण्याची पिशवी दिली. सानिकाची कानटोपी मात्र सुटली होती. “माय रूम इज ग्रँड नाऊ, आजोबा,” ती सांगायची, आणि नाना तिच्याकडे बघून म्हणायचे, “ग्रँड तर ग्रँड, बाय माझी.” डिसेंबरात एकदा पद्मजाने विचारलं होतं की ब्रेड कापायच्या सुरीची धार अशी कशी गेली. नाना म्हणाले, “पाव कडक असतो तुमचा.”

अकरा जानेवारीला सकाळी ते सानिकाच्या डब्याला झाकण लावता लावता खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई शांतपणे बोलल्या. हृदयाची झडप जुनी झाली होती, कधीतरी हे व्हायचंच होतं. पद्मजाने त्यांना विचारलं, “खोली गार होती. पहाटे बारा अंश. त्याचा संबंध असेल?” बाई म्हणाल्या, असं सांगता येणार नाही. तिच्या शास्त्राप्रमाणे ते उत्तर बरोबर होतं. एका नोंदीवरून निष्कर्ष काढत नाहीत. अस्थी घेऊन ती रत्नागिरीला गेली, मिरकरवाड्याच्या एका होडीवाल्याने त्या खोल पाण्यात सोडायला नेल्या आणि भाडं घेतलं नाही. परत आल्यावर तिने तक्ता उघडला नव्हता.

“मिसेस?” डेक्लन वाट बघत होता.

“मला वर येऊन बघायचंय.”

“या. वाशांवरच पाय ठेवा. मधे ठेवलात की खालच्या खोलीत भेटाल.”

ती चढली. आतमध्ये जुन्या लाकडाचा आणि धुळीचा वास होता. डेक्लनने दिवा पुढच्या कोपऱ्याकडे वळवला. बॉक्स रूमच्या वर वाशांमधलं सगळं उघडं पडलं होतं. पलीकडे, सानिकाच्या खोलीवर, जुन्या थरावर तेवढ्याच लांबीरुंदीचे पट्टे एकावर एक नीट बसवलेले. कडा सरळ कापलेल्या, सुरीने. कुठेही फट नाही.

उघड्या जागेच्या शेजारच्या वाशावर शिसपेन्सिलने काहीतरी लिहिलं होतं. डेक्लन म्हणाला, “हे मला वाचता येईना. तुमच्या भाषेत आहे का?”

पद्मजाने गुडघे टेकले. अक्षर तिरपं, मोठं, दाबून काढलेलं. कारखान्यात कुठलीही भिंत उघडली की नाना असंच लिहून ठेवत, नंतर येणाऱ्या मिस्त्रीला कळावं म्हणून.

“दि. १८ नोव्हें. इथला माल काढून सानिकाच्या खोलीवर. जानेवारी अखेर जाण्यापूर्वी परत लावणे. साळवी.”

तिने ते दोनदा वाचलं. अठरा तारीख. ती तारीख तिला तोंडपाठ होती. दर दहा मिनिटांची नोंद होती तिच्याकडे. पहिल्या रात्रीचे आकडे होते, पन्नासाव्या रात्रीचेही होते. यंत्रांनी सगळं बरोबर सांगितलं होतं. बर्फ फोडता फोडता नानांनीसुद्धा तेच सांगितलं होतं. तिने वाऱ्याला विचारलं, भिंतीला विचारलं. वर चढून पाहिलं नव्हतं.

“ठीक आहात ना?” डेक्लनने विचारलं.

“वडिलांनी केलंय,” ती म्हणाली. “स्वतःच्या खोलीवरचं काढून तिच्या खोलीवर टाकलं. परत लावायचं होतं त्यांना. जमलं नाही.”

डेक्लनने कपाळावरचा दिवा जरा बाजूला वळवला, तिच्या तोंडावर उजेड पडू नये असा. तो हळू आवाजात म्हणाला, “हे बघा, आता काही फरक पडत नाही तसा. वरून आम्ही भरणारच आहोत, जिथे कमी तिथे जास्त. सगळं एका पातळीत येईल. आहे तसं राहू दे.”

“नको.”

“बरं, मग मी हलवतो. दोन मिनिटांचं काम.”

“मी लावते. मला हातमोजे द्या फक्त.”

त्याने खिशातला एक मास्क दिला आणि स्वतःचे हातमोजे काढून दिले. ते मोठे होत होते. पद्मजा वाशांवरून रांगत सानिकाच्या खोलीवर गेली. पहिला पट्टा उचलला तर तो वाटला त्याहून हलका निघाला. त्याने मनगटांना कंड सुटला, धूळ उडाली, मास्कच्या आत श्वास गरम झाला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, घरात कुणी नाही, हातात ब्रेडची सुरी, गुडघे असेच लाकडावर. किती फेऱ्या केल्या असतील? तिने मोजल्या. सात. आठव्या फेरीत शेवटचा तुकडा आला, कोपऱ्यापुरता, तिरका कापलेला. त्याची जागा तिला लगेच सापडली नाही. मग भिंतीच्या कडेला ती दिसली, वाऱ्याला वाट सोडून बरोबर तेवढीच. तो तुकडा तिथे चपखल बसला.

“पेन्सिल आहे?” तिने विचारलं.

डेक्लनने कानामागची काढून दिली. नानांच्या ओळीखाली तिने लिहिलं, “परत लावला. दि. २० मार्च.” सही करताना हात थांबला. मग तिने नुसतं “पमा” लिहिलं.

ती शिडीवर उतरून झडपेत उभी राहिली, छातीपर्यंत आत. डेक्लनने खाली हाक मारली, रस्त्यावर यंत्र घरघरलं आणि पाइप जिवंत झाल्यासारखा थरथरला. करडा भुसा फवाऱ्यासारखा पडायला लागला. वायरींच्या खाली गेला, नळांच्या मागे गेला, वाशांच्या मधल्या प्रत्येक फटीत शिरला. पेन्सिलची अक्षरं आधी धूसर झाली, मग एक एक करत झाकली गेली. साळवी हा शब्द सगळ्यात शेवटी गेला.

थराची जाडी मोजायला वाशाला खिळलेल्या कागदी पट्टीवर तीनशे मिलिमीटरचा आकडा आला तसा डेक्लनने पाइप बाजूला घेतला.

“झालं हे. आता मागच्या खोल्या.”

“थोडं आणखी,” पद्मजा म्हणाली.

“इथे? इथे आता कुणी राहत नाही ना?”

तिने मोठा हातमोजा काढला आणि हात वर करून दोन बोटं आडवी धरली, एकावर एक. “एवढं. बसतं ते नंतर.”

डेक्लनने तिच्या बोटांकडे पाहिलं आणि पाइप परत त्या कोपऱ्याकडे वळवला. भुसा पडत राहिला. पद्मजाने हात खाली घेतला नाही.