मधुरिमाने गाळलेलं वाक्य

तीन आठवडे रोज सकाळी माझं डोकं ठणकत होतं, चालताना तोल जात होता. आज इस्पितळात डॉक्टरांसमोर आम्ही तिघं बसलो होतो: मी, मुलगा सत्यजित आणि अकरा वर्षांची नात मधुरिमा. सत्यजितला टोकियोत येऊन सहा वर्षं झाली, पण त्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं. इंग्रजी येणारे डॉक्टर नेमके रजेवर.

"बाबाचं जपानी दुकानापुरतं," जपानी शाळेत शिकणारी मधुरिमा म्हणाली. "डबा गरम करून द्या, एवढंच."

"आगाऊ!" सत्यजित हसला. टेबलाखाली त्याचा पाय मात्र हलत होता.

डॉक्टरांनी मेंदूचं चित्र काढलं. मधुरिमा सांगू लागली, "आजोबा, मेंदूत पाण्याच्या खोल्या असतात. तुमच्या एका खोलीच्या दारात दगडासारखी गाठ आहे. क्वचितच होते अशी. त्यामुळे पाणी तुंबलंय. परवा कवटीला छोटं भोक पाडून बारीक दुर्बीण आत घालतील आणि गाठ काढतील."

डॉक्टरांनी चित्रातल्या त्या दाराच्या कडेवर पेन टेकवलं आणि बराच वेळ बोलले.

"जपून करू, म्हणाले," मधुरिमा भराभर म्हणाली.

छत्तीस वर्षं मी मुलांना वाचायला शिकवलं. ओळ गाळणारं मूल असंच घाईने पुढे जातं.

"मधू, मधलं सांग."

"काही नाही मधलं."

"बाबा, लहान आहे ती—" सत्यजित मध्येच म्हणाला.

"संमतीपत्रावर सही मला करायचीय, सत्यजित." मग तिला म्हणालो, "घाई नाही, बाळा. जमेल तसं सांग."

तिचे डोळे भरले. "तिथेच आठवणींची नस आहे. धक्का लागला तर नवीन काही लक्षात राहणार नाही."

"आणि ऑपरेशन नाही केलं तर?"

तिने डॉक्टरांना विचारलं आणि सांगितलं, "दिसेनासं होईल. मग शुद्ध जाईल."

टोकियोलगतच्या ग्योतोकुमधल्या आमच्या खोलीत दर रविवारी सात मुलं मराठी शिकायला येतात. ऑपरेशननंतर एखाद्या रविवारी मी त्यांना तोच धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवत बसलो तर? आणि मला ते कळलंच नाही तर?

मी सही केली.

"मधू, वही काढ. रविवारच्या मुलांबद्दल लिही. शर्व वाचताना अडखळला की थांबायचं, शब्द सुचवायचा नाही. नयनाला मोठ्याने वाचायची लाज वाटते, तिला शेवटी घ्यायचं."

"पण तुम्हीच शिकवणार ना?"

"लिही."

ती लिहू लागली. तिचं वाक्य पुरं झाल्यावर मी तिसऱ्या मुलाचं नाव सांगितलं.