भरतीची वाट

"आजी, खुर्चीसकट उचलून ठेवतो तुम्हाला. सिमेंटची पोती उचलतो मी," लाँचवाला म्हणाला.

"मी सिमेंट नाही. आणि मला कुणी उचललेलं चालत नाही."

माझी चाकाची खुर्ची धक्क्याच्या कडेला, आणि लाँच खाली पुरुषभर खोल. मध्ये ओल्या पायऱ्या. पलीकडच्या काठावर माझी ताई राहते. गुडघ्यांमुळे ती घराबाहेर पडत नाही, आणि माझे पाय गेल्यापासून मी तिकडे गेलेली नाही. दोघी फोनवरच म्हाताऱ्या झालो. आज मुलाने आणलं, तेही संध्याकाळी परत यायच्या बोलीवर. म्हणे, जागा बदलली की मला झोप येत नाही.

"आई, हट्ट सोड. दोन मिनिटांचं काम आहे."

"इस्पितळातही दोन मिनिटांचंच होतं. मला हवेत धरून ते एकमेकांना क्रिकेटचा स्कोअर विचारत होते."

"मग इथेच मुक्काम करायचा का?"

"पाणी चढतंय. थांबू या."

याच धक्क्यावर माझे वडील बोटींचे दोर बांधायचे. मी आणि ताई त्यांचा डबा घेऊन यायचो आणि कडेला पाय सोडून बसायचो. खांबांवर शेवाळाची हिरवी रेघ होती. पाणी तिला टेकलं की बोट धक्क्याच्या बरोबरीला यायची आणि वडील तेलाची पिंपं लोळवत आत सोडायचे. त्याआधी कुणी घाई केली, तर म्हणायचे, "समुद्र फुकट उचलतोय, तर आपण का कंबर मोडून घ्यायची?"

रेघ अजून तिथेच होती.

लाँचवाल्याने वाकून पाहिलं. "बरोबर आहे आजींचं. पण मग ही खेप नाही, पुढची."

"पुढची तर पुढची."

ती खेप गेली. मुलाने चहा आणला, फोन पाहिला, सुस्कारे सोडले. मी पायऱ्या बुडताना बघत बसले. लहानपणी आम्ही पैज लावायचो, पुढची कधी बुडेल म्हणून. ताई नेहमी जिंकायची आणि शेखी मिरवायची.

लाँच परत आली तेव्हा फळी सरळ पडली. मी माझ्या हातांनी चाकं फिरवली. मुलगा मागून धरायला आला, मी नुसतं पाहिलं, त्याने हात खिशात घातला. फळी करकरली आणि मी आत होते.

लाँच सुटली. अर्ध्या पाण्यात मुलाच्या कपाळावर आठी पडली.

"आई, संध्याकाळी पाणी उतरलेलं असेल ना?"

"अगदी तळाला."

"मग तू परत चढणार कशी?"

"संध्याकाळी नाहीच. उद्या दुपारी भरती आहे."

त्याने माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. "यात ताईमावशीसाठी खाऊ आहे म्हणालीस."

"खाऊ आहेच. खाली गाऊन, गोळ्या आणि दातांची डबी."

लाँचवाला सुकाणूकडे तोंड फिरवून हसला.

"अगं पण नवीन जागी तुला झोप येत नाही!"

"झोपायला चाललंय कोण?"