रामाजीची खांदशेकणी

शेतकऱ्याचा खांदा म्हणजे धरणीमातेचा आधारस्तंभ. तो खचला तर जग खचेल. आमच्या शेजारच्या रामाजीचा खांदा पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सातला खचला. जग नऊच्या बसनं नेहमीसारखं नागपूरला कामावर गेलं.

झालं एवढंच, की गोठ्यात शेणावरून पाय सटकला आणि उजवा खांदा गव्हाणीवर आदळला. हाड शाबूत, पण हात छातीच्या वर जाईना. एरवी माणूस जवळच्या बेस्यातल्या डॉक्टरकडे गेला असता. पण तो डॉक्टर पियुषचा वर्गमित्र. आणि पियुष, म्हणजे रामाजीचा नागपुरात मनीषनगरला राहणारा एकुलता एक लेक, मागच्याच महिन्यात बजावून गेला होता, "बाबा, पोळ्याले येतो. तुमच्यानं होऊन नाही राहिलं असं दिसलं, का बैलजोडी विकतो अन् तुम्हा दोघाईले फ्लॅटवर नेतो."

"गोळी पोटात जायच्या आधी फोन मनीषनगरात जाईन," रामाजी म्हणाला. "घरीच पाहू काय ते."

त्याची बायको जयवंता चुलीपाशी तूप-हळद कालवत होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची, पळसाची गरम पानं दाबायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. वाटी एकच, मानकरी दोन, लाल्या आणि चांद्या. यंदा तीन झाले.

"बसा लाल्याच्या बाजूले," जयवंता म्हणाली.

"मी का बैल आहो वं?"

"बैल शेणावरून घसरत नाही."

पहिलं पान टेकलं आणि रामाजी असा ओरडला, की लाल्यानं दावं ताणलं.

"हळू वं! चामडी निंगून राहिली!"

"लाल्या पाहा कसा गपचूप उभा राहते."

"विकाले बसलेलं पोरगं त्याचं नाही, माह्यं आहे!"

चोळता चोळता जयवंताच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बोलली आणि जीभ चावली. पण रामाजी हसला नाही.

"बैल गेले का मी काय करू वं? तिथं तिसऱ्या माळ्यावर पहाटी उठून कोणाले वैरण टाकू?"

"अन् मी? मले तं लिफ्टमंदी चक्कर येते."

मग दर तासाला परीक्षा. "करा वर." छातीपर्यंत. "आनखी." डोळ्यांत पाणी. दिवस बुडताना तूप संपलं तेव्हा हात हनुवटीशी आला होता आणि चांद्याचा खांदा कोरडाच राहिला होता. जयवंतानं वाटी बोटानं निपटली आणि ते बोट चांद्याच्या मानेवर फिरवलं, माफी मागावी तसं.

दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या तोरणाखाली, गावच्या बैलांच्या रांगेत रामाजी उभा. डाव्या हातात दोन्ही कासरे, उजवा हात खिशात.

"काहून गा रामाजी," म्हातारे बापूजी ओरडले, "पुढाऱ्यावानी खिशात हात घालून उभा आहे?"

"तुमच्या खिशात घालू का मंग?"

लोक हसले. सकाळीच आलेला पियुषही हसला, पण नजर बापावरून हलली नाही. डफडं वाजलं, चांद्या बुजला, कासरा करकचला. रामाजीनं दात आवळले, दोन पावलं फरफटत गेला, पण डाव्या हातानं बैल आवरला. कपाळावरचा घाम पावसाच्या भुरभुरीत कोणाला दिसला नाही.

पुरणपोळ्या खाऊन निघताना पियुष म्हणाला, "बाबा, मी उगाच भेलो. तुम्ही तं अजून टनटनीत आहा. राहू द्या जोडी."

जयवंता डोळ्याला पदर लावून गोठ्याकडे पळाली, बैलांना सांगायला. पियुष पाया पडला. डाव्या हाताचा आशीर्वाद आमच्याकडे चालत नाही. आनंदाच्या भरात रामाजीनं उजवा हात उचलला तो थेट डोक्याच्या वर, कॅलेंडरातल्या देवासारखा.

"लेकरा, शंभर वर्षं जग!"

पियुष उठला. बूट घातले, हेल्मेट घातलं, गाडीला किक मारली. वळून पाहतो तर बाप ओसरीवर तसाच, हात वर. त्यानं परत हात जोडले. बाप तसाच.

"बाबा, झाला ना आशीर्वाद? जा आता घरात."

रामाजीनं गोठ्याकडे पाहिलं. जयवंताचा पत्ता नव्हता.

"आशीर्वाद तं झाला बेटा," तो हळूच म्हणाला. "हात तेवढा खाली करून दे."