अर्धा किलो

पडद्यावर उमटलं : ६८ ओळी बदलल्या.

तिथे एक हवा होता. नोंदणीबाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. अडुसष्टच. चष्म्याचा दोष असता तर किती बरं झालं असतं.

काम एवढंसं होतं. एकसष्ट नंबरच्या पेशंटचं, निवृत्त शाळामास्तरांचं, ड्राय वेट डॉक्टरांनी परवा अर्ध्या किलोने उतरवलं होतं. पंचावन्नचं साडेचौपन्न. ते बाईंच्या प्रोग्राममध्ये चढवायचं. पण प्रोग्रामचं पान अर्धा मानत नव्हतं. चार वर्षांपूर्वी बाईंनी तो रकाना पूर्ण आकड्यांसाठीच केला होता. पुढे आतल्या टेबलात अपूर्णांकाची सोय केली, पण बाहेरच्या पानाला ते सांगायचं राहून गेलं. साडेचौपन्न टाकलं की पान लाल व्हायचं आणि म्हणायचं, योग्य संख्या लिहा. जणू अर्धा किलो ही अफवा. म्हणून अर्ध्या किलोसाठी बाई मागच्या दाराने जायच्या : थेट डेटाबेस उघडायचा, हाताने हुकूम लिहायचा, वजन अमुक करा. आणि शेवटी अट घालायची, ज्याचा नंबर एकसष्ट त्याचंच. आज नेमकं बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, आत एसी लावलाय का?" बाई "लावलाय" म्हणाल्या, आणि अट राहिली.

आता डायलिसिस सेंटरच्या अडुसष्ट माणसांचं ड्राय वेट साडेचौपन्न होतं. ट्रक चालवणाऱ्या ब्याण्णव किलोच्या दादांचंही आणि शिवणकाम करणाऱ्या एकोणचाळीस किलोच्या मावशींचंही.

भिंतीवर सात पंचवीस झाले होते, म्हणजे खरे साडेसात. घड्याळ या आठवड्यात पाच मिनिटं मागे पडलं होतं. आठला पहिली शिफ्ट. बारा बेड, बारा मशीन.

ज्याची किडनी थांबली त्याने प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. मशीन ते काढतं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. किती काढायचं ते ड्राय वेट सांगतं : अंगात जास्तीचं पाणी नसताना माणसाचं भरेल ते वजन. आजच्या वजनातून ते वजा करायचं, उरलं तेवढं पाणी. हे आकडे बाईंच्या प्रोग्राममधून छापून निघायचे, आणि तो कागद हातात धरून मुख्य सिस्टर एकेक मशीन लावायच्या.

ट्रकवाल्या दादांची बाईंना काळजी नव्हती. या माणसातून चाळीस लिटर काढा असं कागद म्हणाला तर कुणीही हसेल. मोठी चूक स्वतःच बोंब मारते. भीती होती ती पंचावन्न-छप्पनवाल्यांची. तिथे दीड किलो जास्त निघाला तर कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही, आणि तिसऱ्या तासाला माणसाचं ब्लडप्रेशर पायरी चुकल्यासारखं खाली जाईल.

"यादी?" मुख्य सिस्टर दारात उभ्या होत्या, हातमोजे अर्धे चढवलेले.

"प्रिंटर अडकलाय," बाई म्हणाल्या.

प्रिंटर बिचारा कोपऱ्यात हिरवा दिवा लावून बसला होता.

"मग सोडव ना. डॉक्टर दुसरीकडे राउंडला गेलेत, नऊपर्यंत फोनही बंद. त्याआधी मला सगळ्यांना लावून मोकळं व्हायचंय."

सिस्टर गेल्या. बाईंनी खणातून दोनशे पानी वही काढली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ही वही सुरू झाली, तेव्हा नवरा म्हणाला होता, "लोक या वयात गुडघ्यांचे व्यायाम शिकतात, तू हे काय शिकायला बसलीस?" वहीत प्रश्न होते. पान बंद केलं की लिहिलेलं कुठे जातं? माणसाला ओळखायचं कशावरून, नावावरून की फोनवरून? पहिल्या महिन्यात बाईंनी फोनवरून ओळखलं होतं. मग एका घरातले नवरा-बायको दोघेही पेशंट निघाले, फोन एकच, आणि बायकोची नोंद नवऱ्याच्या नोंदीवर जाऊन बसली. संसारात चालतं, टेबलात चालत नाही. तेव्हापासून प्रत्येकाला स्वतंत्र नंबर. शिकणाऱ्यांच्या एका वेबसाइटवर बाई असले प्रश्न टाकायच्या, आणि बहुतेक वेळा उत्तर यायचं : हा प्रश्न आधी विचारला गेला आहे. जगातले सगळे प्रश्न आधीच विचारून झालेत आणि तरी आपल्याला ते नव्याने पडतात, याची बाईंना गंमत वाटायची.

आज वाटत नव्हती. चाळिसावा प्रश्न : चुकीचा हुकूम दिला तर मागे फिरता येतं का? खाली उत्तर, स्वतःच्याच अक्षरात : येतं, पण आधी 'सुरुवात' लिहिली असेल तर. मग किती ओळी बदलल्या ते बघायचं आणि बरोबर असेल तरच पक्कं करायचं. ही सोय भित्र्या लोकांसाठी असावी अशी तेव्हा बाईंची समजूत झाली होती.

एक्केचाळिसावा : बॅकअप किती दिवसांनी घ्यावा? उत्तर कुणा अनोळखी माणसाचं : जेवढ्या दिवसांचं गमवायची तयारी असेल तेवढ्या. बाई दर शनिवारी संध्याकाळी घ्यायच्या. आज गुरुवार.

त्यांनी पेनड्राइव्ह लावला. यावेळी प्रत्येक शब्द वाचून मग बोट टेकवलं. सात चाळीसला शनिवारचे आकडे परत आले. ब्याण्णवचे दादा ब्याण्णवचे झाले.

आता छापता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. उद्या एका कंपनीची माणसं त्यांचा तयार प्रोग्राम दाखवायला येणार होती, आणि व्यवस्थापक गेल्याच आठवड्यात म्हणाले होते, "तुमचं चाललंय तोवर चालू दे, बाई. पण एक गडबड झाली की माझा नाइलाज आहे." चार वर्षं जेवणाचा डबा एका हाताने खात बांधलेलं ते सगळं त्या एका गडबडीवर टांगलेलं होतं.

पण शनिवारनंतर डॉक्टरांनी आणखी काहींची वजनं बदलली होती. चिठ्ठ्या चढवून झाल्या की बाई फाडून टाकायच्या. टोपली काल संध्याकाळीच रिकामी झाली होती. मास्तर नक्की. आणखी चार आठवत होते. सहावं कुणी होतं का? तेच आठवत नव्हतं.

बाई उठल्या आणि वॉर्डात गेल्या.

"सिस्टर, प्रिंटरला काही झालेलं नाही."

"मग?"

"मी बिघडवलंय." आणि बाईंनी चार वाक्यांत सगळं सांगितलं.

सिस्टरांनी हातमोजे काढले. "सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"तुझ्या प्रोग्रामआधी माझा फळा होता भिंतीवर. त्याच्यावरचं सगळं पुसायला निदान हात तरी दुखायचा."

बाईंनी ऐकून घेतलं. बोलायचा हक्क होता त्यांचा.

"बरं, पुढे काय?"

"शनिवारचे आकडे आणलेत. त्यानंतरचे पाच बदल आठवतात. सहावा आहे की नाही, तेच कळत नाही."

"मला सांगितलंस म्हणजे मला चुकांच्या वहीत लिहावं लागेल. ती वही कुठे जाते माहितेय ना?"

"व्यवस्थापकांकडे. लिहा."

सिस्टर दाराकडे वळल्या. "चल. आण तो शनिवारचा कागद, आणि लाल पेन. यांना स्वतःचं ड्राय वेट जन्मतारखेपेक्षा पाठ असतं."

बाकावर बारा जण बसले होते. घड्याळ आठला पाच कमी दाखवत होतं, म्हणजे आठ वाजलेच होते.

"मास्तर, ड्राय वेट?"

"साडेचौपन्न. परवाच उतरवलं. तुमच्याकडे आलं नाही का?"

"आलं, मास्तर," बाई म्हणाल्या. "जरा जास्तच आलं."

मावशी एकोणचाळीस. दादा ब्याण्णव, "आणि उपाशी असलो तर साडेएक्याण्णव." कागदाशी जुळत होतं. बाई टिक करत पुढे सरकत होत्या. सहावे बेकरीवाले, कागदावर सत्तावन्न.

"अठ्ठावन्न," बेकरीवाले म्हणाले.

बाईंचं पेन थांबलं. "कधी बदललं?"

"मंगळवारी. डॉक्टरच म्हणाले, अंग भरलंय तुमचं."

हाच का सहावा? बाईंनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर खाली वाकल्या, बेकरीवाल्यांची पँट वीतभर वर केली आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला.

"याला अंग भरणं म्हणतात होय? पाणी भरलंय हे."

बेकरीवाले खाली बघायला लागले. "शेवटच्या तासाला पायात गोळे येतात हो, सिस्टर. म्हटलं, एक किलो सूट मिळाली तर बघावी."

"पाव विकताना देता का सूट? गोळे आले की हाक मारा, मी येते. सत्तावन्नच लिही गं."

आठ दहा. बाकावर चुळबूळ सुरू झाली होती. "आज उशीर का हो?" कुणीतरी विचारलं. "माझ्या चुकीमुळे," बाई म्हणाल्या.

बाराव्या नंबरला ती मुलगी. कॉलेजात शिकवते, पेपर तपासत बसते, चार तासांत चार शब्द बोलत नाही. कागदावर छप्पन.

"पंचावन्न," ती म्हणाली.

"आता तू नको हं सुरू करूस," सिस्टर म्हणाल्या. "कुणी सांगितलं पंचावन्न?"

"तुम्ही."

"मी?"

"मंगळवारी जाताना. डॉक्टरांनी तुम्हाला चिठ्ठी दिली, तुम्ही मला वाचून दाखवलीत आणि खिशात ठेवलीत."

सिस्टरांचा हात एप्रनच्या खिशाकडे गेला. आधी कात्री निघाली, मग चिकटपट्टीचं रीळ, मग चौघडी केलेला कागद. त्यांनी तो उलगडला, वाचला, पुन्हा वाचला. बाईंच्या आठवणीत सहावा नव्हता, कारण तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"पंचावन्न," सिस्टर म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "लिही."

आठ पंचवीसला बारावं मशीन सुरू झालं. तिसरा तास सरेपर्यंत बाई दर दहा मिनिटांनी काचेतून आत बघत होत्या. नऊला डॉक्टर आले, त्यांनी आपल्या डायरीशी ताडून बाराही आकडे बघितले, आणि "ठीक आहे" म्हणाले. बेकरीवाल्यांनी दोनदा सिस्टरांना हाक मारली. दोन्ही वेळा सिस्टरांनी पाय चोळून दिला. कुणाचं प्रेशर पडलं नाही. चुकांच्या वहीत सिस्टरांनी दोन नोंदी केल्या. पहिली बाईंची, दुसरी स्वतःची.

व्यवस्थापक साडेदहाला काउंटरवर आले. वाईट माणूस नव्हता. वाईट बोलायचं असलं की तो टेबलावरच्या पिना सरळ लावायचा.

"कबूल केलंत ते बरंच केलंत," ते म्हणाले. तीन पिना लागल्या. "पण उद्या त्यांची माणसं आली की सगळं काढून द्या त्यांना. एक तारखेपासून त्यांचं सुरू."

"सगळं म्हणजे?"

"सगळ्या ओळी."

ते गेल्यावर अकराला फोन वाजला.

"मेसेज आलाय," बाईमाणसाचा आवाज म्हणाला. "आज दुपारी एक वाजता, बेड चार."

दुसऱ्या शिफ्टच्या लोकांना दोन तास आधी आठवण करून देणारा मेसेज प्रोग्राम आपणहून पाठवायचा. बेड चार म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे काका. दर वेळी दहा मिनिटं आधी यायचे, स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ बरोबर करायचे आणि मगच बेडवर जायचे. शनिवारी आले होते. रविवारी पहाटे गेले. मंगळवारी बाईंनी त्यांची ओळ पुसली होती, आणि आज सकाळी शनिवारची प्रत आणताना तेही परत आले होते. जिवंत माणसांचे आकडे जुळवण्याच्या नादात बाईंना त्यांची आठवणच झाली नव्हती.

"काकू, माझी चूक झाली. सकाळी जुनी यादी परत आणावी लागली, तिच्यात काका… मला माफ करा."

"म्हणजे नाव आहे अजून तुमच्याकडे."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "आहे."

"मंगळवारी या वेळेला फोन वाजला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, म्हणजे… असो. किती वेळा आले असतील हो ते तिथे?"

बाईंनी शोधलं. मंगळवारी ओळ पुसली तेव्हा तिला बांधलेल्या सगळ्या खेपाही पुसल्या गेल्या होत्या. तशी व्यवस्था बाईंनीच केली होती, आणि केली तेव्हा अभिमानही वाटला होता. आता त्या सगळ्या परत होत्या. तारीख, वेळ, येतानाचं वजन, जातानाचं वजन.

"चारशे बारा वेळा, काकू. एकदाही उशीर नाही."

"उशीर त्यांना खपायचाच नाही." त्या किंचित हसल्यासारख्या वाटल्या. "मग आता पुसणार?"

"नाही."

फोन ठेवून बाईंनी वही उघडली. बावन्नावा प्रश्न : माणूस गेला तर त्याची ओळ पुसायची का? उत्तर होतं : पुसू नये, खूण करावी. बाईंनी ते अधोरेखित केलं होतं आणि केलं मात्र नव्हतं. गेलेल्याचं नाव रोज कोण बघणार, असं वाटलं होतं. आता त्यांनी एक नवा रकाना जोडला, 'येणं थांबलं', आणि मेसेजच्या कोडला सांगितलं की या रकान्यात तारीख असेल तर गप्प बसायचं. मग 'सुरुवात' लिहिली. हुकूम लिहिला, अट आधी, बाकीचं नंतर.

१ ओळ बदलली.

बाईंनी तो एक दोनदा वाचला आणि मग पक्कं केलं.

चहाच्या वेळी सिस्टर दोन कप घेऊन आल्या. "एक तारखेला बंदच होणारंय ना हे? मग अजून काय खटखटवत बसलीयेस?"

"पानाला अर्धा किलो मान्य करायला लावतेय."

"वीस दिवसांसाठी?"

"वीस दिवसांत माणूस आठ वेळा येतो, सिस्टर."

सिस्टरांनी कप टेबलावर ठेवला, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि एका हाताने भिंत धरून वर चढल्या. आपल्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाची काच बाजूला करून मोठा काटा बोटाने हळूच पाच मिनिटं पुढे ढकलला.